मराठी पवित्र शास्त्र: एका मुद्रितशोधकाने काही महिने वापरल्यानंतर

बायबल सोसायटी ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेले आणि ख्रिस्ती घरांत ‘पवित्र शास्त्र’ म्हणूनच ओळखले जाणारे जुन्या वळणाचे मराठी भाषांतर मी गेल्या पावसाळ्यापासून नियमित वाचत आहे. जोडीला फोनवरच्या बायबल अॅपमध्ये ‘मराठी समकालीन आवृत्ती’ उघडी असते. मी ख्रिस्ती नाही. प्रकाशकांसाठी मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रुफे, तपासण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे ज्या ग्रंथाच्या नकला छपाईपूर्वी हजार-दीड हजार वर्षे हातानेच होत राहिल्या त्याचा मजकूर आपल्यापर्यंत कोणत्या अवस्थेत आला असेल, याविषयी वाटणारी उत्सुकता ही बरीचशी धंद्यातली आहे. हा ग्रंथ देवाचे वचन आहे की नाही, या प्रश्नाला मी हात घालणार नाही. मूळ लेखकांनी जे लिहिले तेच आपण वाचतो आहोत का आणि मराठीत येताना त्याचे काय झाले, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

आधी वापराविषयी. एवढा मोठा ग्रंथ एका खंडात बसवायचा म्हणजे कागद पातळ असणारच. मागच्या पानावरची शाई पुढे थोडी डोकावते आणि पेनाने खूण केली तर ती पलीकडे उमटते, म्हणून मऊ पेन्सिल बरी. अध्याय आणि वचनांचे आकडे डोळ्यांना सापडतात, आणि कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून तोच मजकूर क्षणात काढता येतो, ही सोय आपल्याकडच्या कित्येक ग्रंथांना नाही. घेताना एवढे पाहावे की प्रोटेस्टंट प्रतीत 66 पुस्तके असतात आणि कॅथलिक प्रतीत 73. हा फरक न कळल्यामुळे प्रत अपुरी असल्याची तक्रार करणारे लोक मी पाहिले आहेत.

आता मुख्य शंकेकडे येते, कारण हा ग्रंथ हातात दिसला की ओळखीतले लोक तीच शंका हटकून काढतात: भाषांतराचे भाषांतर, त्याचे पुन्हा भाषांतर, मग मूळ उरले कुठे? ही समजूत चुकीच्या चित्रावर उभी आहे. प्रत्येक नवे भाषांतर आधीच्या भाषांतराच्या खांद्यावर चढते असे नाही. हिब्रूतला जुना करार (बायबलचा येशूपूर्वीचा भाग) आणि ग्रीकमधला नवा करार (येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीचा भाग) मूळ भाषांत आजही उपलब्ध आहेत आणि भाषांतरकार पुन्हा पुन्हा तिकडे जातात. मराठीपुरते सांगायचे तर बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेला नवा करार 1811 मध्ये निघाला. पुढे मुंबईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी काम नव्याने हाती घेतले, त्यांचा नवा करार 1826 मध्ये आणि संपूर्ण बायबल 1847 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीच्या बळावर संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या बाईंनी संस्कृतप्रचुर भाषा जाणीवपूर्वक टाळली, कारण त्यांच्यासमोर केडगावच्या आश्रमातल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बायका होत्या. खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे कामही तिथल्याच बायकांनी केले. रमाबाई 1922 मध्ये वारल्या, त्या शेवटची मुद्रिते तपासून. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. मुद्रिताच्या शेवटच्या गठ्ठ्याची किंमत मला ठाऊक असल्यामुळे या बाईंविषयी मला वेगळाच आदर वाटतो, हे जाता जाता नमूद करते.

म्हणजे खरा प्रश्न भाषांतराच्या साखळीचा नाही, मुळाच्या नकलांचा आहे. इथे माझा धंदा कामी आला.

1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाची एक जवळजवळ संपूर्ण गुंडाळी आहे. चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, सव्वासात मीटरहून थोडी लांब, 54 स्तंभांची. ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीची मानतात. तोवर हिब्रू जुन्या कराराची जी संपूर्ण हस्तलिखित प्रत आधाराला होती, ती लेनिनग्राड कोडेक्स, इसवी सन 1008 च्या सुमाराची. मधे अकराशे वर्षे. जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने या गुंडाळीची छायाचित्रे सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहेत, आणि मला हिब्रू येत नसले तरी चाळिसावा अध्याय असलेला स्तंभ मी पडद्यावर मोठा करून बराच वेळ पाहिला. तिथे सातव्या आणि आठव्या वचनांत ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द दोनदा येतात. नकलकाराने ते पहिल्यांदा लिहिले, मान वर करून मूळ प्रतीकडे पाहिले, आणि त्याची नजर दुसऱ्या ‘फूल कोमेजते’वर पडली, मधला सगळा मजकूर गळाला. नंतर कोणा दुसऱ्याने बारीक अक्षरांत गळालेला भाग दोन ओळींच्या मधे घातला, जागा पुरली नाही म्हणून समासातून खाली उतरवला, आणि देवाचे नाव यायचे तिथे नाव न लिहिता चार ठिपके दिले. एकसारख्या शेवटामुळे ओळ गळणे हा प्रकार छापखान्यात वावरलेल्या प्रत्येकाने शेकडो वेळा पाहिला आहे. गळालेले समासात घेणे हेही. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे मुद्रितशोधन पाहून माझा भरवसा कमी झाला नाही, उलट वाढला, कारण शोधणारा कोणीतरी होता आणि त्याने आपली दुरुस्ती लपवली नाही. गुंडाळीत आणि अकराशे वर्षांनंतरच्या प्रतीत फरक पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्या जातीचे, पण पुस्तक तेच आहे.

काही फरक मात्र अर्थाला हात घालतात आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1 शमुवेल या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात, दाविदाने मारलेल्या गल्याथाची उंची पारंपरिक हिब्रू पाठात सहा हात व एक वीत आहे, म्हणजे हात अठरा इंचांचा धरला तर पावणेदहा फूट. कुमरानला सापडलेल्या शमुवेलच्या एका प्रतीत आणि जुन्या ग्रीक भाषांतरात तीच उंची चार हात व एक वीत, म्हणजे पावणेसात फूट. गडी तरीही धिप्पाडच, पण राक्षस नव्हे. माझ्या छापील प्रतीत सहा हात आहेत आणि खाली एक शब्दही नाही.

नव्या कराराची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांहून अधिक आहे, आणि त्यांतल्या पाठभेदांची, म्हणजे प्रतीप्रतींमधल्या शब्दांच्या फरकांची, बेरीज काही लाखांत जाते. हा आकडा व्हॉट्सअॅपवर धक्का देण्यासाठी फिरवला जातो. वास्तविक जितक्या प्रती अधिक तितके पाठभेद अधिक, आणि तितकीच चूक पकडण्याची शक्यताही अधिक. एकच प्रत उरली असती तर पाठभेद शून्य असते आणि आपण पूर्ण अंधारात असतो. पुणेकर वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 पासून 1966 पर्यंत याच पद्धतीने सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी नाना लिप्यांतल्या प्रती समोरासमोर ठेवून पाठ निवडले आणि सोडलेले पाठ तळाशी नोंदवून ठेवले. त्याही आधी 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते. ज्ञानेश्वरीवर आपला विश्वास नाथांच्या त्या शोधनामुळे बसला आहे, त्या शोधनाच्या गरजेमुळे उडालेला नाही.

‘नव्या भाषांतरांनी वचने गाळली’ हा आरोपही मी वापरताना तपासला. अॅपमध्ये नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’, आठवा अध्याय वाचताना काही आवृत्त्यांत 36 नंतर एकदम 38 येते. नवख्या माणसाला वाटते, कोणीतरी कापले. प्रत्यक्षात वचनांचे हे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने 1551 मध्ये घातले, आणि त्याच्यासमोरच्या ग्रीक पाठात 37 व्या आकड्याचे वाक्य होते. पुढे अधिक जुन्या प्रती हाती आल्या तेव्हा त्यांत ते आढळले नाही, म्हणून वाक्य तळटिपेत गेले आणि आकडा रिकामा राहिला. आकडे पुन्हा सलग केले असते तर जगभरातले सगळे संदर्भ कोलमडले असते. योहानाच्या पहिल्या पत्रातले त्रैक्याविषयीचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा एकच, या अर्थाचे) प्रसिद्ध वाक्यही असेच आहे: ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने 1516 आणि 1519 च्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, 1522 मध्ये घेतले, आणि तिथून ते 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात गेले. इथे पंडितांनी काही काढले नाही. उशिरा शिरलेले बाहेर ठेवले.

दोन मोठे उतारे मात्र वाचकाने स्वतः उघडून पाहावेत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या चरित्राच्या, शेवटच्या अध्यायातली 9 ते 20 ही वचने सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही महत्त्वाच्या प्रतींत नाहीत. व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीची, ‘तुमच्यामध्ये जो निष्पाप असेल त्याने पहिला धोंडा टाकावा’ ही योहानातली कथाही सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. ही कथा काढून टाकावी असे मला क्षणभरही वाटत नाही. पण तिच्याभोवती कंस हवा किंवा खाली टीप हवी, आणि आज मिळणाऱ्या बऱ्याच आवृत्त्यांत ती असते. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट, राज्य, सामर्थ्य व गौरव सर्वकाळ तुझी आहेत, हा भाग जुन्या भाषांतराने कंसात ठेवला आहे, तेही याच कारणाने. वसईच्या कॅथलिक शेजारणीने मला सांगितले की त्यांच्या घरच्या प्रार्थनेत हा शेवट म्हणत नाहीत, आणि अहमदनगरकडच्या प्रोटेस्टंट मैत्रिणीला तो म्हटल्याशिवाय प्रार्थना संपली असेच वाटत नाही. दोघींच्या श्रद्धेत यामुळे काही उणे-अधिक झालेले नाही.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. भेट म्हणून मिळालेल्या एका छोट्या खिशातल्या प्रतीत जागा वाचवण्यासाठी सगळ्या तळटिपा आणि कंसही उडवले आहेत. पान स्वच्छ, गुळगुळीत, आणि वाचकाला अंधारात ठेवणारे. फोनवरही टिपा एका बारीक खुणेमागे दडलेल्या असतात, ती दाबायची असते हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ध्वनिरूपात ऐकताना तर त्या नसतातच. माणूस ज्या दिवशी हे फरक दुसऱ्या कोणाकडून, आणि तेही चिडवण्याच्या सुरात, ऐकतो त्या दिवशी त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. मजकुरातली शंका मजकुराच्या पानावरच दाखवणारी आवृत्ती मी अधिक विश्वासाची मानते. शुद्धिपत्र जोडणाऱ्या प्रकाशकाविषयीही माझे हेच मत आहे, आणि त्यावरून मी प्रकाशकांशी भांडलेही आहे.

पाठाची विश्वसनीयता आणि त्यात सांगितलेल्या घटनांची ऐतिहासिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या काळात अधिक पक्के झाले. 1961 मध्ये इस्राएलमधल्या कैसरियाला, येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला, म्हणजे त्या नावाचा रोमी अधिकारी होता एवढे ठरले. दुसरीकडे लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या जन्मावेळची म्हणून आलेली क्विरीनिया या रोमी सुभेदाराची नावनिशी (शिरगणती) इतर साधनांनुसार इसवी सन 6 च्या सुमारास पडते, आणि ज्याच्या काळात येशू जन्मला असे शुभवर्तमानांत आहे तो हेरोद राजा त्याच्या बरीच वर्षे आधी मेलेला आहे. हा पेच अभ्यासकांना नीट सोडवता आलेला नाही. पाठ शुद्ध असला म्हणून असे पेच सुटत नाहीत, आणि पेच आहे म्हणून पाठ बिघडलेला ठरत नाही.

भाषेच्या बाबतीत दोन्ही आवृत्त्यांचे गुण वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. स्तोत्रांसाठी जुनेच भाषांतर हवे, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ या ओळीची चाल मोठ्याने वाचताना कळते, आणि हे भाषांतर मुळात मंडळीसमोर वाचण्यासाठी घडले आहे. पौलाच्या पत्रांत मात्र तेच भाषांतर दमवते. रोमकरांस पत्रातले एकेक वाक्य अर्धविरामांवर लटकत पुढे सरकते आणि कर्ता कुठे राहिला ते शोधायला मागे जावे लागते. तिथे मी सरळ समकालीन आवृत्ती वाचते आणि मग जुन्याकडे येते. समकालीन आवृत्ती कथाभागात वेगवान आहे, पण काही ठिकाणी तिची मराठी सरकारी परिपत्रकासारखी सपाट होते. दोन्ही आवृत्त्या एका ठिकाणी ठळकपणे वेगळ्या दिसल्या की तिथे थांबावे आणि टीप पाहावी. बहुतेक वेळा वाद मुळातल्या पाठाचा नसून मराठीच्या पसंतीचा निघतो, आणि जेव्हा तो पाठाचा निघतो तेव्हा टिपेत दोन ओळी तरी सापडतात.

पहिल्यांदाच वाचणाऱ्याने मार्कपासून सुरुवात करावी, ते सर्वांत लहान शुभवर्तमान आहे, आणि अॅप वापरणार असाल तर तळटिपांची खूण दिसते आहे ना हे आधी तपासावे. छापील प्रत घेणार असाल तर दुकानातच मार्कचे शेवटचे पान उघडून आठव्या वचनानंतर कंस किंवा टीप आहे का ते पाहावे. नसेल तर दुसरी प्रत मागावी.