पाच रुपयांच्या नावाखाली ७४,४९९ रुपये गेले

कुरिअरच्या नावाखाली माझी फसवणूक झाली, पण आधीच सांगते, ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. "तुम्हीच दिला असणार" हे बँकेत, पोलिसांत आणि घरातही ऐकून कान किटलेत.

लेकीचा दाखला आणि मूळ गुणपत्रिका साताऱ्याहून कुरिअरने येत होत्या. प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली. आणि ट्रॅकिंगवर काय, तर 'डोअर लॉक्ड'! सासूबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. ना बेल, ना फोन. पावतीवरचा नंबर लागेना, म्हणून गूगलवर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला. कुणीही हेच करतं. कंपनीच्या नावाखाली खोटा नंबर गूगलच्या नकाशावर कुणीही चढवू शकतं, हे मला कुणी सांगितलं होतं?

तिकडून फोन कट झाला आणि लगेच एका मोबाइलवरून कॉल आला. "मॅडम, पता अपडेट करना पड़ेगा, सिर्फ पाँच रुपये." पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी), त्यात फॉर्म, फॉर्मात कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे.

मी अडकते ती एकाच जागी. ते ॲप उघडल्याबरोबर फोनने विचारलं, याला एसएमएस वाचू द्यायचे का? अहो, पार्सल पोचवायला माझे मेसेज कशाला लागतात? बोट थांबलं होतं माझं, खरंच थांबलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "जल्दी कीजिए, गाड़ी निकल रही है, पार्सल वापस चला जाएगा." डोळ्यांपुढे दाखला. दाबलं. शिवाय मेल्याने पावतीचा नंबर एकदाही विचारला नव्हता. कार्ड कुठल्या बँकेचं, ते मात्र आधी विचारलं.

पाच रुपयांचं पेमेंट 'फेल' दाखवलं. "लाइन पे रहिए" म्हणत तो बोलत राहिला आणि तेवढ्यात आधी ४९,९९९, मग २४,५०० गेले. ओटीपी माझ्याच फोनवर आले आणि त्या ॲपने परस्पर त्याच्याकडे धाडले. असा काही प्रकार झाला तर आधी इंटरनेट बंद करा, कार्ड ब्लॉक करा, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात.

१९३० वर निदान तक्रार क्रमांक तरी मिळाला. बँकेचं म्हणणं, "ओटीपी बरोबर पडलाय, म्हणजे व्यवहार तुमचाच." रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं: चूक ग्राहकाची, हे सिद्ध करायचं काम बँकेचं. प्रिंट काढून नेलं, तर बँकेतल्या बाईंनी हातसुद्धा लावला नाही. एफआयआर आणा म्हणाल्या. पोलीस ठाण्यात म्हणे आधी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा, मग सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणे एवढ्या रकमेचं तुमच्या ठाण्यातच होतं. हद्द कुणाचीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो, हा नियम त्यांना मी सांगायचा का? वर हवालदार विचारतात, "ताई, शिकलेल्या दिसता, तरी?" चोर एक वेळ बरा, निदान मॅडम तरी म्हणत होता.

पोस्टाच्या नावानेही 'पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर भरा' असे मेसेज फिरतात, तेही खोटे. कुणी *४०१* लावून पुढे त्याचा नंबर दाबायला सांगितलं तर दाबू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात. आणि नंबर घ्यायचा तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, नाहीतर ज्याने पार्सल पाठवलं त्याच्याकडून.

पार्सल? दोन गल्ल्या पलीकडे कुरिअरच्या ऑफिसात पडून होतं. "त्या दिवशी गाडीच निघाली नाही, म्हणून लॉक्ड टाकलं," असं तिथला पोरगा हसत म्हणाला.

बँकेने तक्रार बंद केली आहे, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकलाय. तो नंबर खोटा असल्याचं कळवूनही परवापर्यंत सर्चमध्ये वरच दिसत होता. खात्री करायला म्हणूनही लावू नका. उलटा फोन लगेच येतो.