अण्णांच्या छातीवरचा हार्ट पॅच: मशीन चांगलं, पण पलीकडं माणूस पाहिजे

ज्यांच्या घरात हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही असा पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण पॅच घ्यायच्या आधी मराठीत कुठं काही वाचायलाच मिळालं नाही. अण्णांचं पंपिंग, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला जेवढं बाहेर फेकलं जातं ते, ३० टक्के आहे. मागं फुफ्फुसात पाणी झालं म्हणून मध्यरात्री ॲडमिट करायला लागलेलं, आणि ती धाप ज्यानं डोळ्यांनी बघितलीय त्याला मी हे का घेतलं ते वेगळं सांगायला नको.

वस्तू म्हणजे डाव्या बाजूला छातीवर चिकटवायची एक पट्टी. ती सतत ईसीजी घेते, श्वास मोजते, अंगाचं तापमान बघते आणि माणूस झोपलाय का बसलाय का चालतोय तेपण तिला कळतं, सगळं ब्लूटूथनं मोबाईलवर आणि तिथून कंपनीकडं जातं. पहिले काही दिवस ती काही सांगत नाही, नुसती शिकते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, की ती अण्णांची तुलना अण्णांशीच करते. सकाळी रंकाळ्यावर फिरताना नाडी १०० झाली तर तिला काही वाटत नाही, पण तेवढीच नाडी पहाटे झोपेत राहिली आणि श्वासपण वाढला तर ॲपमधला हिरवा पट्टा पिवळा होतो, मग लाल. साध्या घड्याळात ठरलेला आकडा ओलांडला की बीप वाजतं, तसलं हे नाही.

गावच्या म्हाईच्या जेवणानंतर हे बघायला मिळालं. तांबडा-पांढरा, वर लोणचं, पापड, म्हणजे मीठ किती गेलं पोटात ते विचारूच नका. दोन-तीन दिवसांनी पट्टा पिवळा झाला, अण्णा म्हणतात मला काय झालंय, मी मस्त आहे, वजनाचा काटापण जवळजवळ तिथंच. तरी नेलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला तर खळगा तसाच राहिला, भरायलाच तयार नाही, म्हणजे पायात पाणी साचलेलं. आडवं झालं की धाप लागते म्हणून रात्री उशी एकाची दोन झालेली तेपण तेव्हाच विचारल्यावर कळलं. डॉक्टरांनी पाण्याची गोळी (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) वाढवली, रक्त तपासलं, ॲडमिट करायची वेळ आली नाही. डॉक्टरच म्हणाले की ३ दिवसांत २ किलो वाढलं तर लगेच या हा नियम बरोबर आहे, पण खूप पेशंटचं वजन उशिरा वाढतं, काहींचं वाढतच नाही, हृदयातलं प्रेशर त्याच्या कितीतरी आधी चढायला लागलेलं असतं. काटा टाकून देऊ नका मात्र, आम्ही रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करतोच.

अमेरिकेत अशाच छातीवरच्या पॅचवर लिंक-एचएफ नावाचा अभ्यास झालाय, २०२० ला छापून आला, १०० पेशंट होते. ॲडमिट व्हायच्या साधारण साडेसहा दिवस आधी इशारा मिळाला आणि अशा दहातल्या आठेक वेळा मशीननं आधी ओळखलं. आठवडाभर हातात मिळणं म्हणजे लई झालं. पण खोटा इशारापण येतो, अण्णांना साधा ताप-खोकला झाला तरी पट्टा पिवळा झाला, त्यामुळं पट्टा बघून मनानं गोळी वाढवायची नाही, कितीही अनुभव असला तरी.

आता तक्रार. एकदा शनिवारी संध्याकाळी लाल लागलं. पैसे घेताना चोवीस तास लक्ष असतं म्हणून सांगितलेलं, आणि कंपनीचा फोन आला सोमवारी दुपारी! आम्ही ॲप बघत होतो म्हणून वाचलो, थेट डॉक्टरांकडं गेलो. ज्यांच्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत आणि पोरं पुण्याला, त्यांनी काय करायचं? माझ्यामते अर्धी किंमत त्या फोनचीच आहे. टेली-एचएफ नावाच्या अमेरिकन अभ्यासात १६०० च्या वर पेशंट रोज ऑटोमॅटिक फोनवर वजन आणि त्रास सांगायचे, २०१० ला निकाल आला, फरक शून्य. आणि जर्मनीत टीआयएम-एचएफ २ मध्ये डॉक्टर-नर्स खरोखर रात्रंदिवस बसलेले, तिथं २०१८ ला मृत्यू कमी झालेले दिसले. माहिती दोन्हीकडं गोळा होत होती, लगेच हालचाल करणारं माणूस मात्र एकाच ठिकाणी होतं.

बारीकसारीक पण सांगतो. उन्हाळ्यात घामानं पट्टीच्या कडा सुटतात, छातीवरचे केस काढायला लागतात, काढल्यावर लाल चौकोन उठतो आणि खाजतं, म्हणून प्रत्येक वेळी जागा थोडी सरकवा. अण्णा मोबाईल घरात ठेवून तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसतात, तेवढ्या वेळचा डेटा नंतर आपोआप चढतो, तो त्रास नाही. पण ॲप पूर्ण इंग्रजीत आहे, ज्याच्या छातीवर मशीन आहे त्यालाच वाचता येत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. महिन्याचं भाडं वेगळं, पट्ट्यांचे पैसे वेगळे, आणि आमच्या मेडिक्लेमनं एक रुपयापण दिला नाही.

नुकतंच ॲडमिट होऊन घरी आलेल्या पेशंटसाठी नक्की घ्या, कारण परत ॲडमिट व्हायचा धोका त्याच काळात जास्त असतो. पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की रविवारी रात्री लाल लागलं तर फोन कोण करणार, आणि ते लेखी घ्या. ५ पैकी साडेतीन स्टार, तो फोन शनिवारीच आला असता तर साडेचार दिले असते. आम्ही पावसाळ्यापुरतं परत चालू केलंय, फक्त आता इशारा माझ्यासोबत बहिणीच्या आणि डॉक्टरांच्या नर्सच्या मोबाईलवरपण जातो.