एडिनबरा की हायडेलबर्ग: जुन्या शहरात मास्टर्स करायचं तर

ब्रिटनमधलं एडिनबरा असो की जर्मनीतलं हायडेलबर्ग, दोन्ही शहरांच्या फोटोंत टेकडीवरचा किल्ला असतो, दगडी गल्ल्या असतात आणि विद्यापीठाच्या नावाखाली दबून जावं असं साल असतं. एडिनबराचं १५८२, हायडेलबर्गचं १३८६. फोटो बघून ठरवणार असाल तर सरळ छापा-काटा करा. खरा फरक मुदतीत आहे. एडिनबराचं मास्टर्स सहसा एका वर्षात आटोपतं, हायडेलबर्गचं दोन वर्षं चालतं, आणि पैसा, नोकरी, भाषा या सगळ्यांची गणितं तिथूनच बदलतात.

आधी पैसा. एडिनबरात परदेशी विद्यार्थ्यासाठी बहुतेक अभ्यासक्रमांची फी २५ हजार पौंडांच्या वर जाते. शिवाय व्हिसासोबत आरोग्य सेवेचा अधिभार भरायचा, वर्षाला ७७६ पौंडांच्या दराने. जर्मनीत सरकारी विद्यापीठं फुकट असं सर्रास सांगितलं जातं, पण हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. चार सत्रांचे ६,०००. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे. ही मात्र फी नव्हे, तुमचेच पैसे दरमहा ९९२ करून परत हातात येतात. त्याच हिशेबाने राहिलात तर हायडेलबर्गची दोन वर्षं, राहणं-खाणं धरून, साधारण ३० हजार युरोंत बसतात. एडिनबरात तेवढे जवळपास नुसत्या फीलाच लागतात.

तरीही हायडेलबर्ग स्वस्त, असं मी डोळे मिटून म्हणणार नाही. नोकरी सोडून जाणाऱ्याला दुसऱ्या वर्षाचा बुडालेला पगारही खर्चातच धरावा लागतो. चार-पाच वर्षं काम केलेल्या माणसाचा हिशेब या एका ओळीने उलटू शकतो. कॉलेजमधून थेट निघालेल्याला ही ओळ लागूच नाही.

एडिनबराच्या एका वर्षाचा वेग कसा असतो, हेही आधी समजून घ्या. सप्टेंबरात पोचायचं, दोन सत्रं संपेपर्यंत एप्रिल उजाडतो आणि मग ऑगस्टपर्यंत प्रबंध. नोकरीचे अर्ज पहिल्याच सत्रात सुरू करायचे, म्हणजे विषयाशी अजून धड ओळख झालेली नसताना. डिसेंबरात तिथे दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. त्या काळात मन खचलं आणि महिनाभर वाया गेला, तर वर्षाचा बारावा हिस्सा गेला. हायडेलबर्गमध्ये पहिलं सत्र अडखळत गेलं तरी सावरायला तीन सत्रं उरतात. दिशा पक्की असेल त्याने एडिनबरा घ्यावं. विषय बदलून येणाऱ्याला मी दोन वर्षंच सुचवेन.

आता ज्या जुन्या शहरासाठी जीव टाकताय, त्यात तुमचे वर्ग भरणार आहेत का, ते बघा. हायडेलबर्गमध्ये विज्ञान आणि वैद्यक शाखा नेकार नदीपलीकडे नॉयेनहायमर फेल्डमध्ये आहेत, आधुनिक इमारतींच्या कॅम्पसमध्ये. जुनं गाव प्रामुख्याने मानव्यशाखांच्या वाट्याला आलंय. एडिनबरातही विज्ञान-अभियांत्रिकीचे बरेच विभाग शहराच्या दक्षिणेला किंग्ज बिल्डिंग्जमध्ये आहेत, आणि मध्यवर्ती जॉर्ज स्क्वेअरवर तर विद्यापीठाने १९६०च्या दशकात जुनी घरं पाडून टॉवर उभे केले. (हायडेलबर्गच्या जुन्या गावात विद्यार्थ्यांचा तुरुंग मात्र आहे. रात्री दंगा करणाऱ्यांना १७७८ ते १९१४ या काळात तिथे कोंडत. भिंती त्यांच्याच चित्रांनी भरल्यात.) दक्षिण आशियाचा अभ्यास करणाऱ्यासाठी निवड सोपी: धनगर आणि खंडोबा यांच्यावर आयुष्यभर काम केलेले ग्युंथर सोंथायमर एकेकाळी हायडेलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्येच शिकवत.

घर दोन्हीकडे डोकेदुखी, कारण पर्यटकही त्याच खोल्यांवर टपलेले असतात. एडिनबरात ऑगस्टमध्ये फ्रिंज महोत्सव भरतो आणि तात्पुरत्या खोलीचे भाव गगनाला भिडतात. नेमका तेव्हाच तुमचा प्रबंध संपत आलेला असतो, त्यामुळे घराचा करार ऑगस्टअखेरपर्यंत आहे ना, हे सही करतानाच बघा. जुन्या टेनेमेंट इमारती देखण्या, पण लिफ्ट क्वचितच. वारसा-नियमांमुळे खिडक्या बदलणंही सोपं नसतं, म्हणून थंडी आत येते. हायडेलबर्गमध्ये विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रतीक्षायादी असते, तेव्हा प्रवेशपत्र हातात पडताच अर्ज टाका. खाजगी घरांच्या जाहिरातीत ‘थंड भाडं’ लिहिलेलं दिसलं तर हुरळू नका. त्यात हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं नसतं.

भाषेचं थोडक्यात: हायडेलबर्गमध्ये काही विषयांत इंग्रजीतून मास्टर्स होतं, पण सरकारी पत्रं आणि घरमालकाचा करार जर्मनमध्येच येतो. नोकरी जर्मनीतच हवी असेल तर दोन वर्षांत बऱ्यापैकी जर्मन शिकलंच पाहिजे. ती तयारी नसेल तर स्वस्त फीचा मोह आवरा. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय जवळच्या वाल्डोर्फला आहे, तिथे इंग्रजीवर काही जणांचं निभावतं, सगळ्यांचं नाही.

शिक्षणानंतर राहण्याच्या मुदतीत ब्रिटन पुढे होतं. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तिथे दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळतील. जर्मनीतही नोकरी शोधायला १८ महिनेच मिळतात, त्यामुळे या मुद्द्यावर आता बरोबरी. शिकताना कामाची मुभा ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तर जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस.

हायडेलबर्ग ठरलं, तर सर्वांत आधी एपीएस प्रमाणपत्राच्या मागे लागा. भारतातल्या पदव्यांची ती पडताळणी झाल्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचं काम पुढे सरकत नाही.