चेक-मॅनिफेस्ट: काही महिने वापरल्यानंतर

पायथॉन पॅकेजमधली सगळ्यात दुर्लक्षित फाइल कोणती, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून 'मॅनिफेस्ट डॉट इन'चं नाव घेईन. कोडचा रिव्ह्यू होतो, टेस्ट चालतात, व्हर्जनचा आकडा वाढतो. पण पॅकेजात नेमक्या कोणत्या फाइल्स जाणार आहेत, ती यादी कुणी उघडूनही बघत नाही. जुन्या प्रोजेक्टमधून ती एकदा उचलली जाते आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. गेले काही महिने आमच्या सगळ्या पॅकेजेसवर मी चेक-मॅनिफेस्ट हे छोटं टूल लावलंय. ते कामाचं आहे, नक्की वापरा. मात्र त्याच्या मर्यादा आधी समजून घ्या.

टूलचं काम एका वाक्यात सांगता येतं. गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, असलेल्या फाइल्स आणि एस-डिस्टमध्ये, म्हणजे सोर्सच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात), गेलेल्या फाइल्स यांची ते तुलना करतं आणि फरक दिसला की अडवतं. तुलना दोन्ही बाजूंनी होते. गिटमध्ये आहे पण पॅकेजात नाही, अशा फाइल्स ते दाखवतंच, शिवाय पॅकेजात आहे पण गिटमध्ये नाही, अशाही दाखवतं. पहिल्या बाजूचा उपयोग चटकन लक्षात येतो. दुसरीचं मोल मला वापरता वापरता कळलं.

आधी पहिली बाजू. आमच्या एका सहकाऱ्याने नोंदणीच्या ईमेलसाठी एचटीएमएल टेम्प्लेट्सचा नवा फोल्डर टाकला. कोड नीट होता, त्याच्या मशीनवर सगळ्या टेस्ट पास होत होत्या. होणारच, कारण आपण सगळेच डेव्हलपमेंट करताना एडिटेबल इन्स्टॉल वापरतो. त्यात पायथॉन थेट तुमच्या सोर्स फोल्डरमधून फाइल्स वाचतं, त्यामुळे यादीत फाइल असो वा नसो, ती सापडतेच. पण पिपने, म्हणजे पायथॉनच्या इन्स्टॉलरने, इन्स्टॉल करणाऱ्याकडे व्हील, म्हणजे तयार बांधलेलं पॅकेज, जातं. 'पायथॉन डॅश एम बिल्ड' आधी एस-डिस्ट बनवतं आणि मग त्याच एस-डिस्टमधून व्हील. म्हणजे टारबॉलमध्ये जे राहून गेलं, ते पुढे व्हीलमध्येही नसतं. त्याच्या पुल रिक्वेस्टवर (बदल सामील करण्याच्या विनंतीवर) सीआय, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, लाल झालं. खाली टेम्प्लेट्सची नावं ओळीने छापलेली होती, आणि त्याखाली सुचवलेला नियम: त्या फोल्डरसाठी 'रिकर्सिव्ह-इन्क्लूड', पुढे स्टार डॉट एचटीएमएल. त्याने ती ओळ मॅनिफेस्टमध्ये टाकली, सीआय हिरवं झालं, विषय संपला. हे टूल नसतं तर तीच गोष्ट रिलीजनंतर 'टेम्प्लेट सापडत नाही' अशा तक्रारीतून कळली असती. आणि पायपीआयवर, म्हणजे पायथॉन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर, एकदा चढवलेल्या फाइलचं नाव पुन्हा वापरता येत नाही, ती डिलीट केली तरीही. मग एका राहून गेलेल्या ओळीसाठी नवं व्हर्जन काढावं लागतं.

आता दुसरी बाजू. मॅनिफेस्टमध्ये 'ग्राफ्ट' लिहिलं की त्या फोल्डरमधलं सगळं आत जातं. लिहायला सोपं म्हणून बरेच जण तेच लिहितात. पण 'सगळं' म्हणजे डिस्कवर त्या क्षणी जे पडलेलं असेल ते सगळं. प्रयोगासाठी काढलेला डेटाबेस, लॉग, एखादी डॉट ईएनव्ही फाइल, त्यातला पासवर्ड. गिट इग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, ती फाइल आहे म्हणून आपण निश्चिंत असतो, पण पॅकेज बांधणारं सेटअपटूल्स गिट इग्नोर वाचत नाही. इथे चेक-मॅनिफेस्टची रचना मला मनापासून आवडली. ते दोनदा बिल्ड करतं: एकदा तुमच्या फोल्डरमध्ये आहे त्या अवस्थेत, आणि एकदा फक्त गिटमधल्या फाइल्स तात्पुरत्या फोल्डरमध्ये कॉपी करून. काय राहून गेलं ते स्वच्छ बिल्डवरून ठरतं, आणि जास्तीचं काय घुसलं ते दोन्ही बिल्ड मिळून.

हा दुसरा बिल्ड नसता तर एक जुना त्रास तसाच राहिला असता. बिल्डच्या वेळी बनणाऱ्या एग-इन्फो फोल्डरमध्ये 'सोर्सेस डॉट टीएक्सटी' नावाची फाइल असते. सेटअपटूल्स मागच्या बिल्डची यादी त्यात ठेवतं आणि पुढच्या बिल्डला ती विचारात घेतं. त्यामुळे मॅनिफेस्टमधून ओळ काढली तरी फाइल पॅकेजात जातच राहते, आणि माणूस तासन्‌तास नियमांच्या ओळी वरखाली करत बसतो. नवख्यांना मी आधी एकच सांगतो: काही कळेनासं झालं की एग-इन्फो उडवा आणि पुन्हा बिल्ड करा.

'गिटमध्ये नसलेलं पॅकेजात आहे' हा मुद्दा किती गंभीर होऊ शकतो, हे 2024 मध्ये एक्सझेड या फाइल-कॉम्प्रेशनच्या साधनाच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या रिलीज टारबॉलमध्ये एक एम-फोर मॅक्रोची (बिल्डच्या तयारीत वापरली जाणारी) फाइल होती, आणि तिचं घातक रूप गिट रिपॉझिटरीत नव्हतंच. बॅकडोअरचा, म्हणजे चोरवाटेचा, उरलेला माल टेस्टच्या बायनरी फाइल्समध्ये दडवून गिटमध्ये ठेवलेला होता, पण त्याला जागं करणारी ओळ फक्त टारबॉलमध्ये. रिपॉझिटरी कितीही बारकाईने वाचली तरी ती दिसली नसती. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय हे खटकलं, त्यांनी माग काढला आणि 29 मार्चला हे उघड झालं. ऑटोकॉन्फ या बिल्ड-साधनाच्या जगात टारबॉलमध्ये जनरेट केलेल्या फाइल्स असतातच, त्यामुळे नुसता फरक दिसला म्हणून तिथे कुणी चमकत नाही. पायथॉनमध्ये बहुतेक पॅकेजेसना असा फरक ठेवायची गरजच नसते. मग तो शून्यावर आणून ठेवावा, हे माझं ठाम मत आहे.

आता खटकलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे हे टूल व्हील बघतच नाही. त्याचा 'ओके' फक्त एस-डिस्टपुरता असतो. सेटअपटूल्सचं, पॅकेजेस आपोआप शोधणारं 'फाइंड पॅकेजेस' वगळणीशिवाय वापरलं आणि टेस्ट्स फोल्डरमध्ये इनिट फाइल असली, तर तो फोल्डर वापरणाऱ्याच्या साइट-पॅकेजेसमध्ये (इन्स्टॉल झालेली पॅकेजेस असतात त्या फोल्डरमध्ये) 'टेस्ट्स' याच नावाने जाऊन बसतो आणि दुसऱ्या पॅकेजच्या तशाच फोल्डरशी भिडतो. याबद्दल चेक-मॅनिफेस्ट चकार शब्द काढत नाही. त्यासाठी चेक-व्हील-कंटेंट्स हे वेगळं टूल लावावं लागतं. शिवाय रिलीजआधी मी व्हीलमधली यादी स्वतः वाचतो. व्हील शेवटी झिपच असतं, आणि त्यातल्या 'रेकॉर्ड' फाइलमध्ये प्रत्येक फाइलचं नाव, हॅश आणि आकार दिलेला असतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण यादी नजरेखालून गेली की मन शांत राहतं.

दुसरी गोष्ट, 'डॅश यू' दिला की सुचवलेले नियम टूल स्वतःच मॅनिफेस्टमध्ये लिहितं. सुरुवातीला हे सोयीचं वाटतं, पण माझा सल्ला आहे की ते वापरू नका. ओळी शेवटी जोडल्या जातात, आणि मॅनिफेस्टमध्ये ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो: वर वगळलेली फाइल खालच्या ओळीने परत आत येऊ शकते. काही महिन्यांत त्या फाइलची अडगळीची खोली होते. सूचना वाचा, विचार करा, हाताने लिहा.

वेग फारसा नाही. दोन बिल्ड, तेही प्रत्येक वेळी नव्या आयसोलेटेड एन्व्हायर्नमेंटमध्ये, त्यामुळे कमिट हुकमध्ये (प्रत्येक कमिटला आपोआप चालणाऱ्या तपासणीत) ते नकोसं होतं. 'नो बिल्ड आयसोलेशन' दिल्यावर बराच फरक पडतो. आम्ही ते कमिटवरून काढून फक्त सीआयमध्ये ठेवलंय. बिल्डच्या वेळी तयार होणाऱ्या फाइल्स, उदाहरणार्थ व्हर्जनची फाइल, पायप्रोजेक्ट या सेटिंग्जच्या फाइलमध्ये इग्नोर यादीत घालाव्या लागतात. ती यादी छोटी ठेवा, नाहीतर तपासणीला अर्थ उरत नाही.

काही जण विचारतात की सेटअपटूल्स-एससीएम हे जोड-साधन लावलं की गिटमधलं सगळं आपोआप आत जातं, मग हा खटाटोप कशाला? गिटमधलं सगळं लोकांना द्यायचं असेल तर ते उत्तर बरोबर आहे. आमच्याकडे मोठ्या नमुना फाइल्स आणि सीआयची कॉन्फिगरेशन्स असतात, ती बाहेर पाठवायची नसतात. टेस्ट मात्र एस-डिस्टमध्ये हव्यातच, कारण लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी पॅकेज बांधणारी मंडळी त्या चालवून बघतात. म्हणजे प्रत्येक नव्या फाइलबद्दल कुणीतरी 'आत की बाहेर' हे ठरवायला हवं. चेक-मॅनिफेस्ट तोच प्रश्न पुल रिक्वेस्टमध्येच विचारतं, जेव्हा फाइल टाकणाऱ्याला ती कशासाठी आहे हे नीट आठवत असतं.

पायथॉनबाहेर हे काम जास्त सुटसुटीत आहे, हे मान्य करायला हवं. रस्टच्या कार्गोमध्ये 'कार्गो पॅकेज लिस्ट' म्हटलं की यादी समोर येते. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये पॅकेज डॉट जेसनमध्ये 'फाइल्स' लिहायचं आणि पॅकची ड्राय-रन करून बघायची. लिनक्सचं आरपीएम तर इन्स्टॉल झालेली पण यादीत नसलेली फाइल दिसली की बिल्डच थांबवतं. पायथॉनमध्ये ही तपासणी मूळ साधनांतच असायला हवी होती.

तुम्ही हॅचलिंग किंवा फ्लिट या सेटअपटूल्सच्या पर्यायांवर असाल तर तुलना चालते, पण सुचवलेले मॅनिफेस्टचे नियम तुमच्या काही कामाचे नाहीत. सेटअपटूल्सवर असाल आणि पॅकेजात कोडखेरीज टेम्प्लेट्स, भाषांतरं किंवा डेटा फाइल्स असतील, तर आजच सीआयमध्ये लावा. पहिल्यांदा चालवाल तेव्हा बहुधा लांबलचक यादी येईल. ती घाईने इग्नोरमध्ये ढकलू नका. एकेक नाव वाचत, प्रत्येकाचा निकाल लावत पुढे जा.