गिअरबॉक्सच्या चेंबरला ड्रेन प्लग: किट चांगलं, पण भोक कुठे पाडायचं ते आपण ठरवा

गिअरबॉक्सच्या चेंबरला, म्हणजे खालच्या पत्र्याच्या तेलाच्या भांड्याला, ड्रेन प्लग (तेल सोडायचं बूच) बसवायचं हे किट चांगलं आहे. मात्र पाकिटावरच्या चित्रात भोक चेंबरच्या बुडाशी, अगदी मधोमध दाखवलंय. मुंबईत तिथे पाडू नका.

गाडी भाच्याची. सत्तरच्या दशकातली शेव्हरोले इम्पाला, ऑटोमॅटिक, टर्बो ३५० गिअरबॉक्स. याच्या चेंबरला ड्रेन प्लग नाही. तेल बदलायचं म्हणजे १३ बोल्ट सोडवायचे, एक कोपरा हळूच खाली करायचा आणि तीन-चार लिटर लाल तेल थोडं परातीत, थोडं जमिनीवर, उरलेलं आपल्या बाहीत. मी बेस्टच्या दादर वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालो, तेलाची मला किळस नाही. पण पार्ल्यात सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर डाग पडला की सेक्रेटरी दारात हजर. शेवटी भाच्याने अमेरिकेहून येणाऱ्या मित्राकडून हे किट मागवलं.

पाकिटात एक आरपार पोकळ जाड बोल्ट, त्याचा नट, दोन्ही बाजूंना लावायची वायसरं आणि बोल्टच्या पोटात बसणारा छोटा प्लग. अर्ध्या इंचाचं भोक पाडायचं, बोल्ट घालून आतून नट आवळायचा. वेल्डिंगची भानगड नाही. आटे स्वच्छ कापलेत, नट शेवटपर्यंत हाताने गेला. हल्ली हेही नशीबच म्हणायचं.

आता जागेचं. बुडाशी लावला तर बोल्टचं डोकं चेंबरच्या खाली लोंबतं. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, त्यावरून गाडी अलगद जाते. आपल्या गल्लीतले मात्र हातभर रुंदीचे, आणि उंची सिमेंट किती उरलं त्यावर. पावसात खड्डे पाण्याने भरले की तेही दिसत नाहीत. एक फटका बसला की पातळ पत्रा फाटणार, आणि ऑटोमॅटिक गाडीचं तेल गेलं की गाडी जागची हलत नाही.

म्हणून आम्ही भोक मागच्या उभ्या भिंतीत, जेवढं खाली जमेल तेवढं खाली पाडलं. तळाशी थोडं तेल राहतं, पण जॅकवर गाडीचं नाक जरा वर उचललं की तेही मागे वाहून येतं. वायसर नीट बसायला जागा सपाट लागते, वळणावर बसवलात तर गळणारच. शिवाय आत नटाला जागा आहे का ते पाहा, वर फिल्टर अगदी जवळ असतो. मी पोरांच्या खेळण्यातली चिकणमाती आतून लावली, चेंबर नुसतं दोन बोल्टांवर चढवून उतरवलं. माती दबली नाही, तेव्हाच खूण केली.

भोक कुर्ल्याला सीएसटी रोडच्या एका लेथवाल्याकडून पाडून घेतलं. तीनशे रुपये. मागे लाकडाचा ठोकळा धरून पाडलं, बर (भोकाच्या कडेला उठलेली धार) काढली आणि न सांगता काठही हातोडीने सरळ करून दिले. जुन्या चेंबरचे काठ बोल्टच्या भोकांपाशी आवळून आवळून वर उचललेले असतात, मग नवं पॅकिंग (चेंबर आणि गिअरबॉक्स यांच्यामधली पट्टी) घालूनही झिरपतं. तो म्हणत होता, "काका, किट कशाला, बोल्ट झाळूनच देतो." झाळलेला जास्त पक्का, कबूल. पण एवढ्या पातळ पत्र्याला उष्णतेने पीळ पडला तर काठ गेले. मी नको म्हटलं.

पॅकिंग किटमध्ये नाही, ते ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात वेगळं घेतलं. याबद्दल एक गुण कापला.

आणखी एक. प्लग उघडला म्हणून सगळं तेल बदललं असं समजू नका. यातून फक्त चेंबरमधलं निघतं, टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) तसंच राहतं. पूर्ण कोरड्या गिअरबॉक्सला साधारण साडेनऊ लिटर लागतं, त्यावरून हिशोब करा. फिल्टर बदलायला चेंबर उतरवावंच लागतं, फक्त ते आता रिकामं उतरतं. किटचा खरा फायदा एवढाच, आणि माझ्या बाहीला तो पुरेसा आहे.

गाडी गरम होईपर्यंत फिरवली, वायसरं कोरडी. पाचपैकी चार.

प्लग सोडवताना आणि आवळताना बाहेरच्या बोल्टवर दुसरा पाना धराच. नाहीतर अख्खा बोल्ट फिरेल, आणि आतला नट पकडायला पुन्हा तेच १३ बोल्ट.