जुना बँजो शिकायचा, पण कोणाकडून?

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरातला ओल्ड-टाइम, म्हणजे तिथल्या जुन्या लोकसंगीतातला, बँजो (पाच तारांचा, आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे) घरबसल्या शिकायचा तर यूट्यूबवर दोन वाटा आहेत. एक, जुनी चित्रणं. दुसरी, आजच्या वादकांचे धडे.

धड्यांचं काम सरळ आहे. कॅमेरा थेट उजव्या हातावर. क्लॉहॅमर या वादनपद्धतीत नख तारेवर वरून खाली आपटतं आणि अंगठा आखूड पाचव्या तारेवर टेकून लगेच सुटतो. हे हळू वाजवून दाखवतात. तारा कशा लावायच्या, तेही आधीच सांगतात. नवख्याला आणखी काय हवं? फक्त एकाच धड्यावर शिकलेले सगळे एकसारखे वाजवतात, हे खटकतं.

लोकसंगीत गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स यांच्या चमूने 1978 ते 1985 दरम्यान अमेरिकेच्या दक्षिण भागात केलेलं चित्रण वेगळंच. 1983 मध्ये उत्तर कॅरोलिनात टिपलेले जुन्या पिढीतले बँजोवादक टॉमी जॅरेल पाहा. वय ऐंशीच्या पुढे, पण लय हलत नाही. मध्येच गप्पा, आठवणी, गाणं. तीच धून दुसऱ्यांदा येते तेव्हा एखादा स्वर गाळलेला असतो, आणि तिथेच खरी गंमत आहे. अडचण एवढीच की कॅमेरा नेमका हवा तेव्हा चेहऱ्यावर जातो, आणि तारांची जुळणी कानानेच ओळखावी लागते. वेग 0.75 वर ठेवला तर सूर न उतरता चाल सापडते.

माझं मत: पहिले काही महिने धडे, पण कान पहिल्या दिवसापासून जॅरेल यांच्याकडे.