जहाजाच्या बारीक भागांसाठी पितळ की रेझिन?

वडोदऱ्याचा मावसभाऊ १/३५० प्रमाणाच्या युद्धनौकेच्या मॉडेलसाठी फोटो-एच पितळ (रसायनाने कोरलेले पातळ पत्र्याचे भाग) घ्यावं की थ्रीडी-प्रिंटचे रेझिन भाग, यात अडकलाय.

कठडे, शिड्या, रडारच्या जाळ्या पितळाच्याच घ्याव्यात. मीटरभर उंचीचा खरा कठडा इथे जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो. धक्का लागला तर पितळ वाकतं, चिमट्याने सरळ करता येतं. तेवढीच बारीक रेझिनची काडी सरळ तुटते. तोफा, होड्या मात्र रेझिनच्याच सुंदर, कारण पितळ मुळात सपाट.

मेहनत पितळाला जास्त. घड्या, सुपरग्लू आणि प्रायमर हवाच, नाहीतर जुनेपणा दाखवायला रंगवलेले गंजाचे ओघळ पुसताना खालचा रंगही निघतो. रेझिनच्या भागांना प्रिंट करताना लागलेले आधार जपून कापले की झालं, फक्त बडोद्याच्या उन्हात ठेवू नये, ठिसूळ होतं.

पहिलंच जहाज असेल तर रेझिनच्या तोफांवर थांबावं. हात बसलेल्याने कठड्यांसाठी पितळच घ्यावं.